निर्देशसूची करून घ्यायची असेल, तर नमुना आधी मागा

नमस्कार. मुद्रितशोधनावरचा व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो आहे: वैचारिक पुस्तकाच्या शेवटी जी निर्देशसूची असते, ती व्यावसायिक सूचिकाराकडून का करून घ्यावी, आणि करून घ्यायची तर त्याला नेमके काय सांगावे? मी बडोद्यात इतिहासविषयक मराठी पुस्तकांचे संपादन करते, म्हणून आज सगळी उदाहरणे बडोद्याचीच घेते.

प्राथमिक गोष्टी झटपट सांगते. अनुक्रमणिका पुस्तकाच्या आरंभी असते, संदर्भसूचीत वापरलेले ग्रंथ असतात, आणि निर्देशसूची वाचकाला विषयापासून पानापर्यंत नेते. पृष्ठमांडणी पूर्ण होऊन पानांचे क्रमांक पक्के झाले की मगच ती करतात. मोबदला पानामागे, तासामागे किंवा ठोक ठरतो. तो आणि मुदत लेखी ठरवा. पुस्तक सोळा पानी फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांच्या गटांत, छापले जाणार असेल, तर शेवटच्या फॉर्मात किती पाने उरतात हे छापखान्याला विचारून सूचिकाराला आधीच कळवा. सर्वसाधारण वाचकांसाठी लिहिलेल्या ३०० पानांच्या पुस्तकाला १० ते १५ पानांची सूची पुरते.

आता मुख्य मुद्दा. संपूर्ण काम सोपवण्यापूर्वी एका प्रकरणाची नमुना-सूची मागा, तिचे पैसे द्या, आणि ती स्वतः तपासा. नमुन्यासाठी पक्की पाने लागत नाहीत, हस्तलिखितातले एखादे प्रकरणही चालते. माझ्या अनुभवात बहुतेक लेखक नेमकी हीच पायरी गाळतात. मीही एकदा ती गाळली होती, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते.

बडोदे संस्थानाच्या इतिहासावरचे ते पुस्तक होते. प्रकाशकांना घाई होती, सूची परस्पर करून घेतली गेली, आणि मी ती छापून आल्यावरच पाहिली. त्यात ‘सयाजीराव’ अशी एकच नोंद होती आणि तिच्यापुढे साठाहून अधिक पृष्ठक्रमांक ओळीने दिले होते. गायकवाड घराण्यात सयाजीराव नावाचे तीन राज्यकर्ते होऊन गेले. दुसरे सयाजीराव १८१९ ते १८४७ या काळात गादीवर होते आणि तिसरे १८७५ ते १९३९ या काळात. तिन्ही एकाच ओळीत मिसळले होते. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मला एक वयस्कर वाचक भेटले. दुसऱ्या सयाजीरावांचा इंग्रजांशी झालेला व्यवहार शोधण्यासाठी त्यांनी ती सगळी पाने एकामागून एक उलटली होती. त्यांनी तक्रार केली नाही, पण पुस्तक परत ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो थकवा दिसला, तो आपल्या सूचीमुळे आला आहे हे मला ठाऊक होते. चांगल्या सूचिकाराने येथे तीन स्वतंत्र नोंदी केल्या असत्या, आणि तिसऱ्या सयाजीरावांच्या नोंदीखाली दत्तकविधान, दिवाण टी. माधवराव यांच्याशी संबंध, ग्रंथालय-चळवळ अशा उपनोंदी दिल्या असत्या. म्हणून नमुन्यात सर्वांत आधी हे पाहा, की एखाद्या नोंदीपुढे उपनोंदीशिवाय सहा-सातहून अधिक पृष्ठक्रमांक साचले आहेत का. साचले असतील, तर सूचिकाराशी तेव्हाच बोला.

याच नमुन्याकडे आता दुसऱ्या बाजूने पाहू. ‘संगणकावर शब्द शोधला की पाने मिळतातच, मग माणसाला पैसे कशाला द्यायचे?’ असे अनेक प्रेक्षकांनी विचारले आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. बडोदे संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू झाला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू झाला. आता असे समजा, की एखाद्या परिच्छेदात लेखकाने ‘मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे’ एवढेच लिहिले आहे. त्या पानावर ‘सक्तीचे शिक्षण’ हे शब्दच नाहीत, त्यामुळे संगणकाला ते पान सापडणार नाही. उलट, जिथे लेखकाने तो शब्द जाता जाता वापरला आहे आणि विषयाविषयी काहीच सांगितलेले नाही, ते पान मात्र तो हमखास देईल. सूचिकार मजकूर वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि वाचक कोणत्या शब्दाने शोध घेईल याचा विचार करतो. नमुना हातात आला की प्रकरणातले असे एक पान निवडा, जिथे विषय आहे पण त्याचे नाव नाही, आणि ते पान सूचीत योग्य जागी आले आहे का ते पाहा.

तिसरी बाजू नावांची. बडोद्यात एकाच बागेला कोणी कमाटी बाग म्हणतो, कोणी सयाजी बाग. तिसरे सयाजीराव दत्तक येण्यापूर्वी कवळाण्याचे गोपाळराव होते. त्यांच्या दोन्ही राण्यांचे नाव चिमणाबाई. पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, दुसऱ्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई. वाचकाला यांपैकी कोणते नाव ठाऊक असेल, हे आपल्याला आधी कळू शकत नाही. म्हणून ‘कमाटी बाग: सयाजी बाग पाहा’ अशा नोंदी नमुन्यात असायला हव्यात. त्या नसतील, तर सूचिकाराने वाचकाचा विचार केलेला नाही असे मी समजते, मग त्याचा पृष्ठक्रमांक एकही चुकलेला नसला तरी.

मराठी सूचीची एक खास अडचण आहे, तीही नमुन्यातच उघडी पडते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणजे ‘महसूल’ आधी आणि ‘मळणी’ नंतर. संगणकात प्रत्येक अक्षराला जो क्रमांक दिलेला असतो, त्या युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, त्यामुळे निव्वळ त्या क्रमांकांनुसार यादी लावली तर ‘मळणी’ आधी येते. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज यांच्या पोटात, हेही सूचिकाराशी बोलून ठरवून घ्या.

लेखकानेच सूची करावी, असे एका प्रेक्षकाने आग्रहाने लिहिले आहे. लेखकाला विषय सर्वांत जास्त कळतो हे खरे, परंतु पुस्तकातले काय कुठे आहे हे पाठ असल्यामुळेच अनोळखी वाचक कोणत्या वाटेने येईल हे त्याला सहसा दिसत नाही. लेखकाने पंधरा-वीस महत्त्वाच्या संज्ञांची यादी सूचिकाराला द्यावी आणि तयार सूची बारकाईने वाचावी. एवढे त्याचे काम पुरेसे मोलाचे आहे. सूची हाती आल्यावर एखादे छायाचित्र किंवा परिच्छेद मध्ये घालण्याचा मोह मात्र कृपया टाळा, कारण एक पान सरकले की पुढचे सर्व क्रमांक चुकतात.

मघाशी सांगितलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आता निघते आहे. या वेळी ग्रंथालय-चळवळीच्या प्रकरणाचा नमुना मी आधी मागवला. १९१० साली महाराजांच्या बोलावण्यावरून आलेले अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन त्यात ‘बोर्डन’ या नोंदीखाली आहेत, ‘ग्रंथालये’ या नोंदीच्या उपनोंदीतही आहेत, आणि सयाजीरावांच्या नोंदी तीन आहेत. पूर्ण सूचीचे काम मी काल त्या सूचिकारांकडे सोपवले.