१८९३ चा चांदीचा डॉलर: ‘एस’ नंतर, आधी ‘टी’ बघा

नमस्कार मंडळी! गेले दोन महिने मला एकच फोटो येतोय, फक्त पाठवणारे वेगळे. अमेरिकेचा जुना चांदीचा मॉर्गन डॉलर, गरुडाची बाजू वर, आणि बोट ठेवलंय बारीकशा ‘एस’ अक्षरावर. खाली प्रश्न, “दादा, १८९३ आहे, एस पण आहे, खरा आहे ना?” म्हणून आज फक्त यावरच बोलतो.

आधी प्राथमिक माहिती, भराभर. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ मध्ये निघाला. ९० टक्के चांदी, वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर. एका बाजूला लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड, त्याच्याखाली टांकसाळीची खूण. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. १८९३ साली तिथे फक्त १ लाख डॉलर पाडले. त्यामुळे आज झिजून गुळगुळीत झालेलं नाणंसुद्धा हजारो डॉलरला जातं.

आता नीट ऐका. त्याच वर्षी फिलाडेल्फियालाही हे डॉलर निघाले, आणि त्यांच्यावर टांकसाळीची खूणच नसते. अशा नाण्यावर कुणीतरी एस चिकटवतो. किंवा १८९८ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर घेतो, तिथे एस अस्सलच असतो, आणि ८ कोरून त्याचा ३ करतो. म्हणजे एस बघून काय कळलं? काहीच नाही!

नाणं उलटा. लिबर्टीच्या कपाळावरच्या पट्टीवर तिचं नाव आहे, इंग्रजीत, LIBERTY. दहापट भिंग घ्या आणि त्यातल्या ‘टी’ च्या माथ्यावर या. [भिंगातून टीचं दृश्य] ही तिरकी, केसासारखी रेघ दिसतेय? ती कोरलेली नाही, उंच आहे. कारण ओरखडा नाण्यावर नव्हता, ज्या ठशाने नाणं पाडतात त्या ठशावर होता. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच उमटतं. आणि १८९३-एसचे व्यवहारातले सगळे डॉलर चेहऱ्याच्या बाजूच्या एकाच ठशातून निघाले. म्हणून ही रेघ त्या सगळ्यांच्या नशिबी आली. शेजारी ‘आर’ च्या डाव्या पायात बारीक ठिपकेही असतात, तेही बघा.

आपले एक काका बारा वर्षं जपलेलं नाणं घेऊन माझ्याकडे आले होते. मऊ फडक्यात गुंडाळलेलं. मी टी बघितला, कोरा. आर, कोरा. मग नाणं उलटून एस बघितला, तर त्याच्या भोवती चांदी थोडी जास्तच गुळगुळीत, बाकीच्या पृष्ठभागाशी न जुळणारी. काका म्हणाले, “पण एस किती सुबक आहे रे.” सुबक असणारच, सगळी मेहनत तिथेच घेतली होती! लबाडी करणाऱ्याने जिथे हात चालवला तिथेच आपण भिंग धरून बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी लिहिलं, “टीवर रेघ आहे, म्हणजे पक्कं ना?” नाही ताई. रेघ नसेल तर नाणं बाद. रेघ असेल तर ते पहिल्या परीक्षेत पास, एवढंच. अस्सल नाण्यावरून साचा घेतला तर त्यात रेघही उतरते. मग वजन बघा, अक्षरांच्या कडा मऊ, लोण्यासारख्या आहेत का ते बघा, असतील तर संशय घ्या, आणि शेवटी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवा. चुंबक चिकटला नाही म्हणून चांदी, असं समजू नका. तांब्यालाही चुंबक चिकटत नाही.

दर्जा ठरतो १ ते ७० च्या मापावर. ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं. झीज आधी दिसते कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवरच्या पिसांत. गालावरचे टोचे ही बहुधा झीज नसते. हजार-हजार नाणी एका पिशवीत एकमेकांवर आपटत राहायची, त्याच्या त्या खुणा.

आणि कृपा करून नाणं घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. न घासलेलं नाणं दिव्याखाली हलवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासल्यावर तो फिरायचा थांबतो, बारीक रेघांचं जाळं राहतं, आणि तपासणारे आकड्याचा दर्जा न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. देवघरातली समई वेगळी, हे वेगळं!

पुण्याहून एकांनी विचारलंय, आपल्याकडे हे डॉलर फारसे का सापडत नाहीत. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात आली, रुपये पाडायला. तुमच्या आजीच्या डब्यातल्या पंचम जॉर्जच्या बंद्या रुपयात एखादा मॉर्गन मुरलेला असू शकतो. त्या रुपयावर वेगळा व्हिडिओ करतो.

तोवर फोटो जरूर पाठवा, पण टीचा पाठवा. नाणं थोडं तिरकं धरा, दिवा एका बाजूने, आणि फ्लॅश बंद.