अमानाची सात गावे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील आयोवा राज्यात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांकडे जे पालक जातात, त्यांना सुट्टीच्या दिवशी हमखास दाखवले जाणारे एक ठिकाण म्हणजे अमाना. हा सात लहान गावांचा समूह आहे आणि त्यातील मुख्य गावाचे नावही अमानाच आहे. मोटार मुख्य गावात उभी केली जाते, लोकरीची पांघरुणे, वाइन आणि लाकडी घड्याळे यांच्या दुकानांतून फेरफटका होतो, जर्मन पद्धतीचे जेवण होते आणि मंडळी परततात. एवढ्यावर अमाना पाहून झाले असे मानले, तर पाहण्यासारखे फार काही राहून जाते, असे मला मनापासून वाटते.

या गावांची मुळे जर्मनीत आहेत. ईश्वर आजही काही निवडक माणसांच्या मुखातून बोलतो, अशी श्रद्धा असलेला एक पंथ 1714 साली हेसन प्रांतात उदयास आला. एबरहार्ड ग्रूबर आणि योहान रॉक हे त्याचे संस्थापक होत. ज्यांच्या मुखातून ही वाणी प्रकटते, त्यांना हे लोक ‘वेर्कत्सॉइग’, म्हणजे साधन किंवा हत्यार, असे म्हणत. बोलणारा मोठा नव्हे, बोलवून घेणारा मोठा, हा भाव त्या शब्दात आहे. सैनिकी सेवा, सरकारी शपथ आणि सरकारमान्य चर्चच्या शाळा यांना नकार दिल्यामुळे त्यांना दंड आणि तुरुंगवास सोसावा लागला. अखेर ख्रिस्तियान मेट्झ यांच्या नेतृत्वाखाली ते अमेरिकेत आले, 1843 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराजवळ वसले आणि ते शहर वाढत वाढत जवळ येऊ लागले, तेव्हा 1855 पासून आयोवात स्थलांतरित झाले. तेथे सुमारे 26,000 एकर जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची झाली. बैलगाडीने तासाभरात पोहोचता येईल अशा अंतरावर गावे वसवली गेली आणि रेल्वे स्थानक हाती असावे म्हणून 1861 साली होमस्टेड हे गाव विकत घेण्यात आले.

आता मी आपल्याला मिडल अमाना गावातील सामुदायिक स्वयंपाकघरात नेऊ इच्छितो. ते आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे आणि माझ्या मते साऱ्या अमानाचे मर्म तेथेच उमगते. त्या काळात कुटुंबांना राहायला खोल्या मिळत, परंतु त्या घरांना स्वयंपाकघरच नसे. सात गावांत मिळून पन्नासहून अधिक सामुदायिक स्वयंपाकघरे होती आणि प्रत्येकात तीस-चाळीस माणसे जेवत. पुरुषांचे मेज वेगळे, स्त्रियांचे वेगळे. जेवताना गप्पा नाहीत. विटांनी बांधलेली लांबलचक चूल, तिच्यामागची भांडी आणि ओळीने मांडलेली मेजे पाहताना आपल्याला पंगतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच, की ही पंगत वर्षाचे सर्व दिवस बसत असे. चौदा वर्षांची झालेली मुलगी शाळा सोडून येथे कामाला येई आणि ‘क्यूखेबास’ म्हणजे स्वयंपाकघराची प्रमुख बाई सांगेल ते काम करी. या बायकांच्या कष्टांवर तो समाज उभा होता, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण मार्गदर्शक पुस्तिकांत गिरण्यांचे वर्णन जास्त असते.

ही व्यवस्था 1932 साली संपली. 1923 च्या आगीत लोकरीची आणि पिठाची गिरणी यांचे मोठे नुकसान झाले होते, पुढे मंदी आली आणि तरुणांना बाहेरचे जग खुणावू लागले होते. सभासदांनी मतदान करून धर्मसंस्था आणि उद्योग वेगळे केले. उद्योगांची भागधारक कंपनी झाली आणि स्वयंपाकघरे बंद पडली. तेथील लोक या घटनेला ‘मोठा बदल’ म्हणतात. पुढे रेफ्रिजरेटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांवर झळकलेले अमाना हे नाव याच गावांतून आले.

चर्च मात्र चालू राहिले. त्याच्या जुन्या सभागृहात वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत. निळसर भिंती आणि रंग न दिलेली लाकडी बाके आहेत. दफनभूमीतही हाच साधेपणा दिसतो. सारख्याच उंचीचे छोटे दगड मृत्यूच्या क्रमाने ओळीत लावलेले असतात. नवरा-बायको शेजारी शेजारी असतीलच असे नाही. तेथे हळू चालावे, छायाचित्रे काढण्याची घाई करू नये.

आपण जुलै महिन्यात गेलात, तर अमाना आणि मिडल अमाना यांच्यामधल्या लिली तळ्यावर अवश्य थांबा. त्या वेळी तेथे पिवळी कमळे फुलतात. मग जेवायला जा. तेथील बऱ्याच जुन्या उपाहारगृहांत प्रत्येकाला वेगळे ताट भरून न देता बटाटे, आंबट कोबी आणि भाज्यांची भांडी मेजावर मध्यभागी ठेवतात, आणि सगळ्यांनी ती एकमेकांकडे सरकवत वाढून घ्यायची असतात.

नमस्कार.