पॅरिशच्या वहीतली एक ओळ

(दृश्य : एव्हन नदीवर पहाटेचं धुकं. काठावर होली ट्रिनिटी चर्चचा मनोरा.)

इंग्लंडमधलं स्ट्रॅटफर्ड. इथल्या चर्चच्या नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेपुढे लॅटिनमध्ये एवढंच लिहिलंय : विल्यम, जॉन शेक्सपिअरचा मुलगा. आईचं नाव नाही. घर कुठल्या गल्लीत, ते नाही. जन्मतारीखसुद्धा नाही. २३ एप्रिलला त्याची जयंती होते ती अंदाजाने. वहीला फक्त बाप्तिस्मा ठाऊक आहे.

सगळ्यांचं बोट त्या ओळीवर थांबतं. आपण दफनाच्या पानांकडे जाऊ. त्याच वर्षीचा जुलै. ऑलिव्हर गन नावाचा, कुणाच्या तरी हाताखाली काम शिकणारा एक पोरगा पुरला गेला. त्याच्या नावाशेजारी तीन शब्द आहेत : हिक इन्सेपिट पेस्टिस. इथून प्लेग सुरू झाला. पुढच्या सहा महिन्यांत या छोट्या गावात दोनशेहून जास्त माणसं गेली. हातमोजे शिवणाऱ्या जॉनचं तान्हं मात्र वाचलं.

वहीत ऑलिव्हरला मिळालेली जागा विल्यमएवढीच आहे. एक ओळ. इंग्लंडमध्ये आपल्या घराण्याचा माग काढणाऱ्यांची सगळी भिस्त अशा एकेका ओळीवर असते. शेतमजूर, विणकर, मोलकरीण यांच्या पिढ्या तीन-चारशे वर्षं मागे नेता येतात, त्या या वह्यांमुळे.

(दृश्य : लोखंडी पट्ट्यांची जुनी लाकडी पेटी. दोन कुलपं.)

सप्टेंबर १५३८. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, एक वही ठेवावी. दर रविवारी पाद्र्याने आठवडाभरातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिच्यात उतरवावीत, तेही चर्चच्या कारभाऱ्यांसमोर. वही दोन कुलपांच्या पेटीत. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी कारभाऱ्यांकडे. कसूर झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, तो चर्चच्या डागडुजीला.

लोक बिथरले. नावं लिहून घेतायत म्हणजे उद्या पट्टी बसणार, अशी कुजबुज सुरू झाली. ती पट्टी पुढे खरोखरच बसली. १६९४ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी जन्म, लग्न आणि दफनावर कर आला. १७८३ मध्ये पुन्हा, प्रत्येक नोंदीला तीन पेन्स. कंगालांना माफी होती, म्हणून त्या वर्षांतल्या नावांपुढे ‘पी’ हे अक्षर दिसतं; पॉपर, म्हणजे पॅरिशच्या मदतीवर जगणारा. आपल्या खापरपणजोबांच्या नावापुढे ते अक्षर दिसलं तर लगेच हळहळू नका. काही पाद्री दयाळू होते, आणि तीन पेन्स वाचवायचे म्हणून बऱ्या घरांनाही कंगाल लिहीत.

वही वाचणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : हे लिहून घेण्यात कुणाचा काय हिशेब होता? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दफनाशेजारी शपथपत्राचा शेरा आढळतो. त्यामागे लोकर आहे. देशी लोकरीचा धंदा चालावा म्हणून मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कफनात पुरायची सक्ती होती. तसं शपथेवर सांगितलं नाही तर पाच पौंड दंड.

शोध नेहमी हातातल्या कागदापासून मागे जातो. १ जुलै १८३७ पासून सरकारी दाखले मिळतात. त्याआधी भिस्त पॅरिशवरच. १८१३ पासून छापील रकाने आले, म्हणून बाप्तिस्म्यात आईबापांची नावं, राहतं ठिकाण आणि बापाचा धंदा कळतो, दफनात वय कळतं. आणखी मागे, १७५४. त्या वर्षापासून लग्नाच्या नोंदीवर नवरानवरीची सही बंधनकारक झाली. सही येत नसेल तर फुली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका बाईने थरथरत्या हाताने काढलेली फुली पडद्यावर मोठी करून बघा. शाई कुठे साचली, टाक कुठे अडखळला, तेही दिसतं. तिच्या हातचं जगात दुसरं काही उरलं असण्याची शक्यता फार कमी.

त्याही मागे गेलात की अक्षर बदलतं. सोळाव्या-सतराव्या शतकातली लपेटी वळणं आजच्या इंग्रजी वाचकाला मोडीसारखीच शिकावी लागतात. भाषा बरेचदा लॅटिन : विल्यमचा गुलिएल्मस, जेम्सचा याकोबस. आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं! १७५२ पर्यंत ही पद्धत होती. त्यामुळे एप्रिल १६९९ मध्ये बाप्तिस्मा झालेलं मूल जानेवारी १६९९ मध्ये पुरलेलं दिसतं. ते जन्माआधी मेलं नाही, नऊ महिने जगलं.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायची रीत होती. शोधणाऱ्याला बाप्तिस्म्यात नाव सापडतं, बापाचं नाव जुळतं, तो आनंदाने वंशवृक्षात लिहून टाकतो. दफनाची पानं तो बघत नाही. मग दोन वर्षांचं होऊन मेलेल्या बाळाच्या नावाखाली सहा पिढ्या लोंबकळत राहतात. बाप्तिस्मा सापडल्याच्या दिवशीच दफनं वाचा, याहून महत्त्वाचा सल्ला माझ्याकडे नाही.

वह्यांत भोकंही आहेत. सुरुवातीच्या कागदी वह्या राणी एलिझाबेथच्या काळात, १५९८ च्या सुमारास, चर्मपत्रावर उतरवायला सांगितल्या, ‘विशेषतः राणीच्या राज्यारोहणापासूनच्या’. बऱ्याच जणांनी तेवढ्याच उतरवल्या. म्हणून कित्येक वह्या १५५८ पासूनच सुरू होतात. शेक्सपिअरची ती ओळसुद्धा अशाच नकलेतली. पुढे यादवी युद्ध आलं आणि १६४२ ते १६६० या वर्षांत ठिकठिकाणी पानं कोरी राहिली. पण १५९८ पासून दर वर्षी बिशपकडे एक प्रत पाठवायची होती. मूळ वही उंदरांनी खाल्ली तरी कधी कधी बिशपच्या दप्तरात ती ओळ जिवंत सापडते.

(दृश्य : पिवळ्या पडलेल्या सुट्या कागदांचा गठ्ठा. कागद उलटणारे हात.)

त्याच पेटीत वहीखाली हे कागद असत. माझ्या मते खरा खजिना इथे आहे.

गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर होती, पण फक्त आपल्या गरिबांना. आपला कोण, हे १६६२ च्या कायद्याने ठरे. एखादा मजूर आजारी पडला, की त्याला न्यायाधीशासमोर उभं करून विचारत : जन्म कुठला, कुणाकडे नोकरी केली, किती दिवस, पगार काय? एके ठिकाणी सलग वर्षभर चाकरी झाली तर तिथला हक्क लागायचा, म्हणून काही मालक एक्कावन्न आठवड्यांनीच माणूस सोडून देत. हक्क दुसरीकडचा निघाला तर कुटुंबाला हद्दीपार पोचवलं जाई. दिवस गेलेल्या अविवाहित पोरीकडून बापाचं नाव वदवून घेत, पोषणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्यासाठी. बाप्तिस्म्याच्या वहीत त्या बाळापुढे ‘अनौरस’ एवढाच शब्द असतो. बाप या कागदांत सापडतो. पॅरिशने पैसे वाचवायला केलेल्या या चौकशांमुळे ज्यांना लिहिताही येत नव्हतं त्यांची अख्खी आयुष्यं कागदावर उतरली.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायाने वही उघडून पणजोबांचं नाव वाचून दाखवलं, की अंगावर काटा येतो. इंग्रजांची वही यात्रेकरूंमुळे भरली नाही, हुकमाने भरली. पण हिंदुस्थानाशी तिची गाठ आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आणि एक नोंद त्याहून जुनी.

(दृश्य : लंडन, फेनचर्च स्ट्रीट. ऑफिसांच्या काचांच्या इमारती, माणसांची धावपळ.)

इथे सेंट डायोनिस नावाचं चर्च होतं. २२ डिसेंबर १६१६ या दिवशी तिथे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरून आणलेल्या एका तरुणाचा बाप्तिस्मा झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्याने त्याला इंग्रजी आणि लॅटिन शिकवलं होतं. बघायला लंडनचा लॉर्ड मेयर हजर होता, कंपनीचे बडे लोक हजर होते. नाव खुद्द राजा जेम्सने निवडलेलं : पीटर.

वहीत तारीख आहे, पीटर आहे, तो पूर्वेकडचा हिंदी असल्याचं आहे. हिंदुस्थानातलं त्याचं नाव लिहून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.