उलथन्याचा आवाज

नमस्कार, श्रोतेहो.

स्वयंपाकघरातल्या एका आवाजानं मी आजही चमकते. नवी कोरी नॉनस्टिक कढई, तिच्यात रटरटणारं पिठलं आणि ते बुडाला लागू नये म्हणून तळ खरवडणारं स्टीलचं उलथनं. खर्र, खर्र. आमच्या घरी हे घडलं तेव्हा पिठलं उत्तम झालं, पण कढईच्या तळाला पहिल्याच दिवशी चार रेघा पडल्या. पुढे जिथे रेघ, तिथेच पिठलं धरायचं.

कढई घेताना आपण दहा दुकानं हिंडतो. डाव, कालथा, उलथनं मात्र हाताला लागेल ते उचलतो. स्टील चांगलं, लाकूड चांगलं की सिलिकॉन, असं मला पुष्कळ जणी विचारतात. मी उलट विचारते, भांडं कशाचं आहे आणि त्यात शिजतंय काय?

बिडाच्या तव्यावरचं घावन घ्या. त्याला पातळ धारेचं लोखंडी किंवा स्टीलचं उलथनंच हवं. सिलिकॉनची जाड कड घावनाखाली शिरतच नाही, घावन गोळा होतं. बिडाला ओरखड्याची फारशी भीती नाही. वापरून वापरून तव्यावर बसलेला तेलाचा थर थोडा खरवडला, तरी पुढच्या वापरात तो पुन्हा बसतो.

पितळी पातेल्याचं तसं नाही. आतली कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील मऊ धातू. स्टीलच्या डावानं रोज घासलं की खालचं पितळ उघडं पडतं आणि मग त्यात आमटी, ताक, जे आंबट असेल ते कळकतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर विसरूही नये. अशा पातेल्यात पुरण घोटायला लांब दांड्याचा लाकडी डाव घ्यावा. पुरण फटफट उडतं तेव्हा हात लांब राहतो, आणि अर्धा तास घोटलं तरी दांडा तापत नाही. डाव मधोमध उभा राहिला की पुरण झालं, ही खूण तर घरोघरी ठाऊक आहे.

नॉनस्टिकला लाकूड किंवा सिलिकॉन. इथे एक घोटाळा होतो. बाजारात मिळणारे काळे, कडक, गुळगुळीत चमचे पुष्कळदा नायलॉनचे असतात आणि आपण ते सिलिकॉन समजून आणतो. नायलॉन तापलेल्या कढईच्या कडेला टेकवून ठेवलं की टोक मऊ होऊन वाकडं होतं. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेनं २०१९ साली असं सांगितलं की ७० अंशांच्या वर अशा चमच्यांचा अन्नाशी संबंध शक्य तितका थोडा वेळ यावा. आपली फोडणी त्याच्या कितीतरी पुढे असते. सिलिकॉन रबरासारखं लवतं आणि साधारण २०० ते २३० अंश सोसतं. नेमका आकडा वेष्टनावर पाहून घ्या. तरी भाकरीच्या तापल्या तव्यावर आणि गॅसच्या ज्योतीजवळ ते नेऊ नका. त्याला लसूण-मसाल्याचा वास धरतो. खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळलं की तो बराचसा जातो.

आता लाकूड. याच्याबद्दल मला पोटतिडकीनं बोलायचंय, कारण चांगलं लाकूड आपण स्वतःच्या हातानं मारतो. घेताना रेषा पाहा. त्या दांड्याच्या लांबीनं गेलेल्या हव्यात. मानेशी आडव्या असतील तर डाव तिथेच मोडणार. चकचकीत व्हार्निश असेल तर घेऊ नका, गरम आमटीत त्याचे पापुद्रे सुटतात. शिसव, साग, बाभूळ अशी घट्ट लाकडं टिकतात.

मग तो डाव घरी येतो आणि रात्रभर सिंकमध्ये उष्ट्या पाण्यात पडून राहतो. लाकूड फुगतं, सकाळी उन्हात आक्रसतं, चार महिन्यांत चीर जाते. चिरेत आमटी शिरते आणि कुबट वास येतो. एवढंच करा: काम झालं की लगेच धुवा, पुसा आणि वारा लागेल असा सावलीत उभा ठेवा. पहिल्या काही धुण्यांनंतर अंगावर कुसळं उठतात. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला की हात पुन्हा गुळगुळीत फिरतो.

तेलही द्या, पण शेंगदाण्याचं नको. ते लाकडात वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. खायचं जवसाचं तेल बोटभर घेऊन चोळा, जास्तीचं पुसा आणि काही दिवस वाळू द्या. रंगारी वापरतात ते बेलतेल, म्हणजे रंगकामाचं जवसाचं तेल, चालणार नाही, कारण ते लवकर वाळावं म्हणून त्यात खाण्याजोगे नसलेले पदार्थ घातलेले असतात.

लोखंडी उलथनं धुतल्यावर ओलं ठेवू नका. गॅसवर क्षणभर धरून कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. चिंचेच्या किंवा कोकमाच्या रसात ते बुडवून ठेवलं तर आमटी काळपट होते आणि लोखंडाची चव येते.

चीर खोल गेलेला किंवा काळी बुरशी धरलेला लाकडी डाव मात्र तेलानं सुधारत नाही. तो अन्नातून बाहेर काढा. माझ्या आजीचा शिसवी डाव असाच मानेशी चिरला. आता तो गॅलरीत टोमॅटोच्या रोपाला टेकू देऊन उभा आहे.

नमस्कार.