192 मतांनी पडलेले आबासाहेब

नमस्कार मंडळी. एसटीत चढलात की पुढच्या बाजूला एका सीटवर लिहिलेलं दिसतं, आमदार-खासदारांसाठी राखीव. त्या सीटवर खरोखरचा आमदार बसलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या लोकांनी पाहिलाय, तोही एकदा-दोनदा नव्हे. गणपतराव देशमुख, म्हणजे तालुक्याचे आबासाहेब, एसटीनं फिरायचे.

त्यांच्याबद्दल बोलताना सगळे एकच आकडा सांगतात. 11 वेळा आमदार. एकच मतदारसंघ सांगोला, एकच पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, 2014 ला शेवटचं. मधली वर्षं मोजली तर पन्नाशीच्या वर सभागृहात गेली. आकडा मोठा आहेच. पण मला आज दुसऱ्या दोन आकड्यांबद्दल बोलायचंय. 1972 आणि 1995. या दोन निवडणुकांत आबासाहेब हरले होते.

1972 ला दहा वर्षांची आमदारकी गेली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या आठवणीतला सर्वांत भयंकर दुष्काळ पडला. बहात्तरचा दुष्काळ. सुकडी, खडी फोडणं, रोजगार हमीची कामं. आपल्या आजी-आजोबांना विचारा, अजून सांगतील. 1974 ला पोटनिवडणूक लागली आणि तालुक्यानं आबासाहेबांना परत पाठवलं.

1995 चा पराभव मात्र जिव्हारी लागावा असा. शहाजीबापू पाटलांकडून, फक्त 192 मतांनी! आमच्याकडं एखाद्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं उठतात. 1999 ला आबासाहेब पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले.

आता प्रश्न असा, की हा माणूस पुन्हा पुन्हा का उभा राहत होता? त्यासाठी जरा नकाशा बघूया.

(पडद्यावर नकाशा: कराड, आटपाडी, सांगोला)

ही माणगंगा. साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम, तिथून आटपाडी, मग सांगोला, पुढं मंगळवेढ्याकडं जाऊन भीमेला मिळते. नाव गंगा असलं तरी वर्षातले कित्येक महिने नुसती वाळू. सगळा पट्टा पर्जन्यछायेत. पाऊस सह्याद्रीवर कोसळतो, आणि इकडं येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. पाणी आहे ते कृष्णेत, पण कृष्णा खाली आणि ही रानं वर. म्हणजे पाणी पंपानं, टप्प्याटप्प्यानं उचलायचं, मग कालव्यानं आणायचं. कराडजवळची टेंभू योजना ती हीच. धरण बांधण्याइतकाच इथं विजेच्या बिलाचा प्रश्न मोठा.

कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला कृष्णा खोऱ्याचं 560 टीएमसी, म्हणजे 560 अब्ज घनफूट पाणी दिलं होतं. 2000 सालापर्यंत ते अडवायचं होतं. वेळ निघून चालला होता. 1993 ला आटपाडीत पाणी परिषद भरली. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब. 13 दुष्काळी तालुक्यांची ही चळवळ. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची. धरणाशेजारच्या उसाला बारमाही पाणी आणि माणगंगेकाठच्या या माणदेशातल्या माणसाला टँकर, हे चालणार नाही, असं ते ठणकावून सांगत होते. परिषद दरवर्षी भरत राहिली. कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 ला स्थापन झालं. मध्ये आबासाहेबांची आमदारकी गेली, पण चळवळ त्यांनी सोडली नाही. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथं.

सभागृहात काय करायचे? थोडं समजून घ्या, कारण आमदाराचं काम म्हणजे रस्त्याचा नारळ फोडणं असं आपल्याला वाटायला लागलंय. विरोधी बाकावरच्या आमदाराकडं निधी कमी असतो, हत्यारं मात्र असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न येतात. तातडीच्या प्रश्नाकडं सरकारचं लक्ष वेधायला लक्षवेधी आहे. अर्थसंकल्पात एखाद्या खात्याची मागितलेली रक्कम कमी करा म्हणणारी कपात सूचना आहे. ही हत्यारं चालवायला कागद वाचावे लागतात. आबासाहेब शिकलेले वकील, आणि आयुष्याचा मोठा भाग विरोधात काढलेला. दोनदा मंत्रीही झाले, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात. ती वर्षं मोजकीच.

तालुक्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. लोक तिचं नाव आजही त्यांच्याबरोबरच घेतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. सांगोल्याचं डाळिंब आज देशभर जातं, ते श्रेय कुठल्याही आमदाराचं नाही. ठिबकवर, टँकर विकत घेऊन बागा जगवणाऱ्या शेतकऱ्यांचं आहे. आणि कृष्णेचं पाणी यायला फार उशीर झाला. लहान पक्षात आयुष्यभर राहण्याची किंमत असते, ती तालुक्यानंही थोडी मोजली असेल. तरी सत्तेसाठी पक्ष बदलला असता तर पाणी लवकर आलं असतं, असं मला वाटत नाही. शेजारच्या कितीतरी तालुक्यांत सत्ताधारी आमदार होते, आणि तिथंही टँकरच फिरत होते.

2019 ला वय झालं म्हणून ते थांबले. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर पुन्हा शहाजीबापू. 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले, 94 वर्षांचे होऊन. 2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच सांगोल्यातून निवडून आले.

माणदेशातलं कुणी हे बघत असेल, तर खाली गावाचं नाव आणि एकच गोष्ट लिहा. तुमच्या शिवारात कालव्याचं पाणी पहिल्यांदा कोणत्या साली आलं? आणि आलं नसेल, तर तेही लिहा.