टोल किती, त्याआधी टोल कधीपर्यंत

मंडळी, टोलचा विषय निघाला की आपण नाक्यावर किती पैसे कापले यावरच भांडत बसतो. माझ्या मते भांडायचं ते करारातल्या दोन कलमांवर: वसुली कशाला म्हणायचं आणि ती संपते कधी.

राष्ट्रीय महामार्गावरचा टोल त्या रस्त्याच्या खर्चावरून निघतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. २००८च्या शुल्क नियमांत दर किलोमीटरमागे बांधलेला आहे. चौपदरी रस्त्यावर मोटारीला ६५ पैसे, बस-ट्रकला २ रुपये २० पैसे, हा २००७-०८चा पायाभूत दर. दर १ एप्रिलला त्यात ३ टक्के वाढ, शिवाय घाऊक किंमत निर्देशांक जितका चढला त्याच्या ४० टक्के. मोठे पूल आणि बोगद्यांचा हिशेब वेगळा. म्हणजे ६० किलोमीटरला मूळ आकार ३९ रुपये, रस्त्याला खर्च कितीही आलेला असो. ‘पैसे वसूल झाले, नाका उठवा’ ही मागणी इथेच अडते.

खर्चाशी टोल जोडला तरी फसगत होऊ शकते. दिल्ली-नोएडा डीएनडी मार्ग पाहा. १९९७च्या करारात कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा कबूल केला होता, आणि जी तूट राहील ती पुन्हा खर्चात मिळवायची होती. समजा खर्च १०० कोटी. परतावा हवा २० कोटी, देखभाल वजा जाता हाती आले १२. उरलेले ८ कोटी खर्चात चढले, तो झाला १०८. पुढच्या वर्षी हवेत २१ कोटी ६० लाख. १३ आले, तर खर्च ११६ कोटी ६० लाख. गाड्या वाढतात, वसुली वाढते आणि तरी बाकीही वाढतच जाते! अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६मध्ये हा टोल थांबवला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निकाल कायम ठेवला.

आपल्याकडे मुंबई-पुणे मार्गावर तिसरा प्रकार आहे, एकरकमी. २००४मध्ये ९१८ कोटी घेऊन १५ वर्षांची वसुली ठेकेदाराला दिली गेली. अशा करारात अंदाजापेक्षा जास्त गाड्या धावल्या तर वरचा पैसा ठेकेदाराचा. म्हणून वाहनांची मोजणी कोण करतं, याला इथे सर्वांत जास्त महत्त्व. २०१९मध्ये मुदत संपली, टोल मात्र संपला नाही. २०२०मध्ये ८,२६२ कोटींचा नवा करार झाला, २०३०पर्यंतचा.

टोलला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शेवटची तारीख नसलेल्या टोलला. तेव्हा माहिती अधिकारात ‘आजवर किती वसुली झाली’ असं मोघम विचारू नका. करारातली एकूण प्रकल्पखर्चाची व्याख्या मागा, परताव्याचा दर मागा, वसुलीच्या अधिसूचनेची आणि मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशाची प्रत मागा. वाहनसंख्या वर्गवार आणि महिनावार मागा, सूट दिलेल्या गाड्या वेगळ्या दाखवून. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा आहे, त्यामुळे ही नोंद यंत्रात असतेच.