दीडच्या गाडीआधी

(दृश्य : जिन्याखालची काचेची पेटी. आत ड्रॉइंग शीटवर स्केचपेनने लिहिलेलं भित्तिपत्रक. पेटीला छोटं कुलूप.)

या महाविद्यालयाचं नाव आपण घेणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत तालुक्याच्या कुठल्याही गावी उतरा, स्टँडवरचा रिक्षावाला अशाच एका इमारतीपाशी आणून सोडेल. कला शाखा भरलेली, वाणिज्यची एक तुकडी, विज्ञानाची प्रयोगशाळा मागच्या अंगाला. मराठी विभागात शिकवणारे दोघं. सर कायम आहेत, मॅडम तासिका तत्त्वावर. वाङ्मय मंडळाची फाइल अर्थातच मॅडमकडे.

जुलै संपता संपता नोटीस लागते. इच्छुक विद्यार्थ्यांनी नावं द्यावीत. प्राचार्य पदसिद्ध अध्यक्ष, खाली विद्यार्थी कार्यकारिणी. नावं येतात पंधरा-वीस, टिकतात सहा-सात, आणि त्यातही मुलगे एखाद-दुसरे. महाविद्यालय सकाळचं. शेवटचा तास सव्वाबाराला सुटतो आणि दीडला गाडी आहे. ती हुकली तर पुढची थेट पाचला, मग घरी सतरा प्रश्न. तेव्हा मंडळाचं जे काही घडतं ते या सव्वा तासात.

(दृश्य : सभागृह. फलक, हार घातलेली प्रतिमा, शाल-श्रीफळ.)

उद्घाटनाचं आपण पटकन उरकू, कारण ते कुणीही पाहिलेलं असतं. दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार. मग पाहुणे तरुण पिढी वाचत नाही अशी खंत व्यक्त करतात, तीही नेमकी वाचणाऱ्या चार टाळक्यांसमोर. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी जिओटॅग फोटो लागतो, म्हणून एक जण सतत मोबाइल घेऊन उभा. फोटोत फलक पुरता यायला हवा, कविता अर्धवट राहिली तरी कुणाची हरकत नसते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मोलाची आहे. आभार. मॅडम ते मुद्दाम सगळ्यात बुजऱ्या मुलीला देतात. वहीतला कागद थरथरत असतो, दोन नावं राहून जातात, माईक शिट्टी मारतो. पण हॉलभर पसरलेला स्वतःचा आवाज ती पहिल्यांदा ऐकते, आणि पुढच्या वेळी सूत्रसंचालन मागून घेते.

(दृश्य : सूचनाफलकावरची परिपत्रकं.)

वर्षाचं वेळापत्रक बरंचसं वरून येतं. १४ सप्टेंबरला हिंदी दिवस, त्या दिवशी हाच माईक हिंदी मंडळाकडे जातो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. जानेवारीत १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून ३ ऑक्टोबरही यादीत आला. प्रत्येक दिवसाचा अहवाल जातो. दिवाळीनंतर कापूस वेचायला अर्धा वर्ग शेतात असतो, याचा रकाना त्या अहवालात नाही.

(दृश्य : मुंबईचं जुनं रेखाचित्र. मग अमळनेरचा रस्ता.)

विद्यार्थ्यांनी मंडळ काढायचं, निबंध वाचायचे, वाद घालायचे, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी त्यात होते. सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या, कारण इंग्रजीत वाचलेला निबंध घरी कुणाला सांगणार? आणि ही पोरं निबंध वाचून थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला स्वतःच शिकवलं. आज मंडळाच्या बैठकीत मुली सहा आणि मुलगा एक असतो, तेव्हा हा हिशेब आठवतो.

खान्देशाचा स्वतःचा धागा वेगळा. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. पुढे वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. रोज, हाताने. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. आपल्या काचपेटीतलं भित्तिपत्रक महिन्याला एक निघालं तरी आपण फोटो काढतो, म्हणून हे सांगितलं.

(दृश्य : श्रावण. गावातलं घर, सजवलेली कानबाई देवी, ओसरीवर बाया.)

आता काचपेटीकडे. पहिल्या अंकाचे विषय ठरलेले असत : पाऊस, आई, स्वातंत्र्यदिन. कविता बऱ्याचशा मोबाइलवरून उतरवलेल्या. मॅडम वाचायच्या, शुद्धलेखन तपासायच्या, पेटीत लावायच्या. येणारा-जाणारा त्या काचेत केस नीट करून पुढे जायचा.

मग एका श्रावणात विषय बदलला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी, आणि सोमवारी नदीवर विसर्जन. मॅडम म्हणाल्या, या खेपेला कुणी कविता करायची नाही. घरी जे गातात ते लिहून आणा.

सोपं वाटलं होतं. आजीला म्हटलं, गाणं सांग. आजी दोन ओळी सांगते आणि अडते. गाणं तिला सांगता येत नाही, गाताच येतं, आणि गायला समोर दुसरी बाई लागते, पुढची ओळ उचलून धरणारी. शेजारची काकू बोलवावी लागते. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला की दोघी हसत सुटतात. आणि मग आजी विचारते, “हाई कसाले लिखी ऱ्हायनी तू?” हे कशाला लिहितेयस, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे तयार नसतं. “कॉलेजले देनं शे,” एवढं सांगून ती वेळ मारून नेते.

(दृश्य : वर्ग. बाकावर वह्या, दोन मोबाइल, वाद.)

पुढचा सव्वा तास भांडणाचा. अहिराणी, म्हणजे खान्देशाची बोली, लिहायची कशी? एक ‘ऱ्हायनी’ लिहिते, दुसरी ‘राहिनी’. साक्रीकडची मुलगी म्हणते आमच्याकडे असं म्हणतच नाहीत, पारोळ्याची म्हणते मग तुमचं चुकतं. शहाद्याकडून आलेली एक जण गप्प आहे, तिच्या घरी अहिराणी नाही, भिली बोलतात. मॅडम तिला विचारतात, तुमच्याकडे या दिवसांत काय गातात? ती पुढच्या आठवड्यात आणते, आणि भित्तिपत्रकाला तिसरी ड्रॉइंग शीट जोडावी लागते. सरांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, परीक्षेत प्रमाण मराठीच लिहायची आहे, मुली गोंधळतील. सरांचं चूक म्हणवत नाही. पण ज्या मुलीने एका ओळीच्या लेखनासाठी तासभर हुज्जत घातली, तिला ऱ्हस्व-दीर्घ हा काय प्रकार असतो ते कुठल्याही तासाला कळलं नसतं इतकं त्या दिवशी कळलं, असं मला वाटतं.

याच मातीत याचा मोठा दाखला आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर रचत गेल्या, आणि घरातल्या लिहित्या हातांनी, मुलगा सोपानदेव यांनी, ते कागदावर धरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मंडळाच्या उद्घाटनाला त्यांची प्रतिमा हमखास असते. सोपानदेवांची कधी दिसली नाही.

त्या श्रावणातली पेटी मात्र वाचली गेली. शिपाईमामा कुलूप लावताना एक गाणं पूर्ण वाचून म्हणाले, यात एक कडवं राहिलंय. ते त्यांच्याकडूनच उतरवून घेतलं.

आखाजीची गाणी तेवढी दरवर्षी हुकतात. अक्षय्य तृतीया परीक्षेच्या तोंडावर येते, झोके बांधलेले असतात आणि मुली प्रश्नसंच सोडवत असतात.

(दृश्य : डीटीपीचं दुकान. पडद्यावर मजकूर.)

मार्चमध्ये वार्षिक नियतकालिक छपाईला जातं. मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, मधे रंगीत फोटोंची पानं. गाण्यांना सहा पानं मिळाली. प्रूफं आली तेव्हा दुकानातल्या दादाने मोठ्या आपुलकीने सगळी अहिराणी दुरुस्त केली होती. ‘शे’ जिथे होतं तिथे ‘आहे’. दोघी जणी दोन दुपारी त्याच्या शेजारी बसून एकेक शब्द मागे नेत होत्या. त्या दोन्ही दिवशी दीडची गाडी गेली.

(दृश्य : ग्रंथालयातला संगणक. पडद्यावर फाइलींची रांग.)

मंडळाची खरी अडचण पैशांची नाही. दर तीन वर्षांनी सगळी माणसं बदलतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मोबाइलही जातात. पहिल्या श्रावणातली निम्मी रेकॉर्डिंगं अशीच गेली. आता नियम आहे : गाणं आणलं की आधी ग्रंथालयाच्या संगणकावर उतरवायचं, मग घरी जायचं. फाइलींना नावं मात्र कुणी नीट दिली नाहीत. ‘ऑडिओ नवीन’, ‘आजी २’, ‘कानबाई फायनल’.

यंदाच्या कार्यकारिणीने तेच काम आधी घेतलं आहे. प्रत्येक आवाजाला बाईचं नाव आणि गाव. बरेचसे ओळखू आले. तीन आवाज कुणाचे ते कुणालाच सांगता येत नाही. ती रेकॉर्डिंगं जिने केली, ती मुलगी लग्न होऊन सुरतला गेली आहे. तिचा नंबर मिळालाय, दुपारच्या सुट्टीत लावून बघायचा आहे.